पाय चेपण्याला इंग्रजीत काय म्हणतात

माझ्या सासूबाईंचे पाय दुखायचे, हे मी मान्य करते. किती दुखायचे, हे मात्र मला कधीच कळलं नाही. सकाळी त्या आगरात जाऊन पडलेले नारळ बघून येत. गड्याने एखादा कमी आणला असं वाटलं तर त्याच्यामागून विहिरीपर्यंत तरातरा जात. दुपारी खळ्यात वाळत घातलेल्या आमसुलांवर राखण करत आणि शेजारच्या कोंबड्या दिसल्या की काठी घेऊन धावत. तेव्हा पाय दुखत नसत. दिवेलागण झाली, तुळशीपुढे दिवा ठेवला, की ते दुखायला लागत. मग माजघरातून हाक यायची, "ये गो, पाय!"

एवढीच हाक. 'ये आणि पाय चेप' हे पूर्ण वाक्य त्यांनी माझ्यासाठी कधी खर्च केलं नाही.

हे मी रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. माझी मुलं म्हणतात, आई, आता ती माणसं गेली, सोडून दे. मी म्हणते, माणसं गेली म्हणून चांगली होत नाहीत. गेल्यावर त्यांना उलट बोलता येत नाही, एवढाच काय तो फरक पडतो. त्या जिवंत असताना मला उलट बोलता येत नव्हतं. आता माझी वेळ आहे.

माझं माहेर संगमेश्वराकडचं. मराठी सातवी पास झाले आणि लगेच लग्न झालं. रत्नागिरीला दिली. तीस सालानंतर तीनचार वर्षांनी घडलेली गोष्ट. आमचे हे मुंबईला एका कचेरीत कारकून होते, खानावळीत जेवत होते आणि गिरगावात चार-पाच जणांत एक खोली घेऊन राहत होते. लग्नाची हळद अंगावर असतानाच ते आगबोटीने परत गेले. मी बंदरावरही गेले नाही, सासूबाईंनी पाठवलं नाही. आमच्या आळीत निम्म्या घरांची हीच तऱ्हा होती. पुरुष मुंबईला, बायका घरी. पुरुष शिमग्याला यायचे, रजा मिळाली तर गणपतीला यायचे, आणि पुढल्या शिमग्यापर्यंत बायकोच्या मांडीवर एक मूल ठेवून जायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटत होतं. कारण लग्न ठरवायला आले तेव्हा माझ्या वडलांना सांगितलं होतं की मुलगा मुंबईत बिऱ्हाड करणार आहे. त्या एका वाक्यावर मी हुरळले होते. मला मुंबई बघायची नव्हती. मला माझी चूल हवी होती, आणि ज्या माणसाशी लग्न झालं त्याच्या पानात मला वाढायचं होतं. एवढंच हवं होतं मला, आणि ते मागायला मी लाजलेही नाही.

ह्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "आईचे पाय बरे झाले की."

ते पाय बरे होणार कसे? मी इतके छान चेपत होते! उंडीचं तेल कोमट करायचं, वाटी घेऊन माजघरात जायचं. सासूबाई घोंगडीवर भिंतीकडे तोंड करून आडव्या झालेल्या असत. आधी तळवे, मग घोटे, मग पोटऱ्या, मग गुडघ्याच्या वाट्यांभोवती अंगठ्याने गोल. मी नवीन होते तेव्हा हळू चेपत असे, तर म्हणायच्या, "काय गो, आईनं जेवायला घातलं नव्हतंन की काय?" जोर लावला तर म्हणायच्या, "मारतेस की काय मला?" मधलं माप मला सापडलं तेव्हा त्या काहीच बोलेनाशा झाल्या. तीच माझी शाबासकी. शेजारची काकू त्या वेळेला यायचीच. दोघी माझ्याबद्दल बोलायच्या, मी पायाशी बसलेली असताना. माझा वर्ण, माझ्या वडलांनी दिलेली भांडी, अजून माझी कूस उजवली नाही ते. नवरा वर्षातून पंधरा दिवस घरात असतो, याचा हिशेब मात्र दोघींनी कधी केला नाही.

उंडीच्या तेलाचा वास हाताला असा बसतो की राखेने घासला तरी जात नाही. भात कालवताना तोच वास यायचा.

आता मामंजी. सासूबाई उघड वैरी होत्या, त्यांच्याविषयी माझी तक्रार सरळ आहे. मामंजींवर माझा राग जास्त आहे, कारण ते गोड बोलत. ते कोर्टात भाषांतरकार होते. साक्षीदारांच्या जबान्या मराठीतून इंग्रजीत करता करता त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्यावर करायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी सुनेला सुधारायचं मनावर घेतलं. दुपारी घरकामातून मला थोडा वेळ मिळायचा तेव्हा ते मला पडवीत बसवून इंग्रजी शिकवत. त्यांचं एक मत होतं. नामं काय, पोपटही शिकतो, म्हणायचे. इंग्रजी कळायला हवी तर क्रियापदं कळायला हवीत. रोज एक क्रियापद, त्याचा अर्थ, ते आलं कुठून, आणि त्याचा वाक्यात उपयोग. त्यांच्याकडे दोन जाड शब्दकोश होते, मांजरपाटाच्या कापडात बांधून ठेवलेले. ते सोडताना त्यांच्या चेहऱ्यावर देवघर उघडल्याचा भाव यायचा.

मला ते शिकणं आवडायचं. हे कबूल केलं नाही तर खोटं बोलल्यासारखं होईल. दिवसभरात तेवढाच वेळ कुणी माझ्याशी बोलायचं आणि मी काय म्हणते ते ऐकायचं. वाक्यात उपयोग करायला सांगितला की मी घरातलंच काहीतरी सांगायची. मी दळते, मी सारवते, मी पाणी काढते. मामंजी खूष व्हायचे.

पण शिकवणं हे माझ्यासाठी नव्हतं, हे समजायला मला फार दिवस लागले नाहीत. ओटीवर कुणी प्रतिष्ठित पाहुणे आले की हाक यायची, "सूनबाई, जरा बाहेर या." मग पदर सावरून मी उंबऱ्याशी उभी राहायची आणि ते विचारतील त्या क्रियापदाची कुळकथा सांगायची. पाहुणे माना डोलवायचे. "सुनेला इंग्रजी शिकवता! धन्य आहे तुमची." मामंजींची छाती फुगायची. पाहुणे गेले की मी आत आणि ते ओटीवर. गावात त्यांना सुधारक म्हणत. त्या सुधारकाने एकदाही बायकोला म्हटलं नाही की अगं, मुलाचं लग्न झालंय, सुनेला त्याच्याकडे पाठवू. ते इंग्रजीत सुधारक होते, मराठीत नव्हते.

एका शिमग्याला आमचे हे आले ते बातमी घेऊनच. गिरगावातच एक बिऱ्हाड रिकामं होत होतं. दोन खोल्या, गॅलरीत नळ. त्यांनी मला ते मागच्या पडवीत सांगितलं, हळू आवाजात, चोरी केल्यासारखं. मी त्या दोन खोल्यांची मनात मांडामांड करून टाकली. चूल कुठे, फळी कुठे, पाण्याचा हंडा कुठे. सगळं.

जेवणं झाल्यावर त्यांनी आईकडे विषय काढला. सासूबाई काही ओरडल्या नाहीत. पाय पुढे पसरले, दोन्ही हातांनी गुडघे धरले आणि म्हणाल्या, "ने हो. बायको तुझी. मी पडेन इथं लोळत. कुणाला तरी दया येईल."

एवढ्यावर बिऱ्हाड संपलं. आमच्या ह्यांनी मान खाली घातली. मामंजी म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. हातातली कढई मी इतक्या जोरात आपटली की तिचा कान निखळला. त्या कढईबद्दल मला नंतर बरंच ऐकावं लागलं.

मुंबईला परत जाताना ह्यांनी मला एक पुडी दिली. मुंबईहून आणलेली, आधी द्यायची राहून गेली होती म्हणे. गुलाबी कागद, वर लांब केसांच्या बाईचं चित्र आणि खाली इंग्रजीत शब्द, शांपू. केस धुवायची पावडर होती. मला न्यायचं नाही म्हणून मुंबई पुडीतून आली. मी ती घेतली, कारण घ्यायला दुसरं काही नव्हतं.

सासूबाईंनी ती दुसऱ्याच दिवशी फडताळातून काढली. "शिकेकाईनं हिचे केस जळतात काय?" म्हणाल्या, आणि त्या पावडरीने समया घासल्या. नीट निघत नाहीत, अशी वर तक्रारही केलीन्.

रिकामा कागद मी घेऊन मामंजींकडे गेले. दुपारच्या धड्याची वेळ होती. म्हटलं, "आज हे क्रियापद सांगा."

त्यांनी कागद लांब धरून वाचला, दुसरा कोश सोडला, बोट खाली खाली नेलं आणि एकदम मांडीवर थाप मारली. "सूनबाई, हा तर आपला शब्द!"

मग ते तासभर बोलत होते. केस धुणं हा अर्थ मागाहूनचा. आधीचा अर्थ अंग रगडणं, हातपाय चेपणं. इंग्रज पहिल्यांदा इकडे आले तेव्हा नोकरांकडून अंग चेपून घ्यायची इथली रीत त्यांना फार भावली. हिंदुस्थानीत 'चांपो' म्हणतात, म्हणजे दाब, चेप. आपलं चेपणं, चापणं हे सगळं त्याच घरातलं. इथले धनी नोकरांना तेवढंच म्हणत, साहेबाच्या कानावर ते पडायचं, ते त्याने उचललं आणि विलायतेला नेलं. तिकडे मोठमोठ्या स्नानगृहांतून अंग रगडून द्यायचा धंदा निघाला. पुढे अंगाबरोबर डोकंही धुऊ लागले, आणि शब्द पायावरून डोक्यावर चढला. मामंजी हे सांगताना इतके रंगले होते की त्यांचा चहा गार झाला. "किती गंमत आहे बघ," ते परत परत म्हणत होते.

मला गंमत दिसत नव्हती. माझ्या डोक्यात वेगळंच सुरू होतं. साहेब पलंगावर पडलेला. त्याच्या पायाशी कुणीतरी बसलेलं. पायाशी बसलेलं माणूस काही 'चेप' म्हणणार नाही. ते मुकाट्याने चेपत असणार. 'चेप' म्हणणारा तो आडवा पडलेला. म्हणजे साहेबाने इथून नेला तो हुकूम. जी बोटं रोज दुखत होती त्यांचा त्या शब्दात कुठे मागमूसही नाही. इतक्या जाड पुस्तकात त्या शब्दाची कुळी लिहून ठेवली आहे, तो किती समुद्र ओलांडून गेला ते लिहून ठेवलं आहे, आणि तो ज्याच्यावर ओरडला गेला त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

दिवेलागण कधी झाली ते आम्हाला कळलं नव्हतं. आतून हाक आली, "ये गो, पाय!"

मामंजींनी कोशातून मानही वर केली नाही. "जा, बोलावतायत," म्हणाले.

ज्या तोंडाने हा सगळा पुराण-इतिहास सांगितला, त्याच तोंडाने. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना काही म्हणजे काही लागलं नव्हतं. मी उठले, तेल कोमट केलं आणि जाऊन चेपले. त्या दिवशी चेपले, आणि पुढेही बरेच महिने चेपत राहिले. एका दुपारच्या धड्याने माणूस बदलतं असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. राग आला की तो मुरावा लागतो. माझा पावसाळाभर मुरला.

दिवाळीनंतर मामंजींकडे राजापूरचे एक निवृत्त हेडमास्तर आले. बरोबर गावातले दोन वकील. ओटीवर चहा-पोहे झाले आणि नेहमीची हाक आली. मामंजींनी मला सकाळीच एक सोज्वळ क्रियापद पढवून ठेवलं होतं. मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि ते सोडून दुसरंच सांगायला लागले. शांपू. अर्थ सांगितला, मूळ सांगितलं, विलायतेचा प्रवास सांगितला. मामंजींच्या कपाळावर आठी पडली होती, पण हेडमास्तर पुढे सरकून ऐकायला लागले तशी ती गेली.

"वा!" हेडमास्तर म्हणाले. "म्हणजे आपण इंग्रजांना एक शब्द दिला म्हणायचा!"

मी म्हटलं, "शब्द कसला दिला? हुकूम दिला. आणि तो हुकूम या घरात अजून रोज संध्याकाळी सुटतो. माझं लग्न तुमच्या स्नेह्यांच्या मुलाशी झालं आहे, पण मला ठेवलं आहे या एका क्रियापदासाठी. नवरा मुंबईला खानावळीत जेवतो आणि मी इथे पाय चेपते. बरे होतील तेव्हा पाठवणार आहेत. ते बरे होणार नाहीत."

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. आता काहीतरी होईल असं वाटत होतं. कुणीतरी मामंजींना विचारील. तिघेही शिकलेले होते, दोघे तर वकील होते.

हेडमास्तर हसले. मोठ्याने आणि मनापासून. "वाक्यात उपयोग मात्र झकास केलात हं!"

मग वकीलही हसले. मामंजींचा जीव भांड्यात पडला, तेही हसले. "जा सूनबाई, कप घेऊन जा," म्हणाले.

मी कप उचलले. आत जाऊन विसळले. त्या हसण्यापुढे सासूबाईंचे टोमणे मला बरे वाटले. त्या निदान मी बोलले ते ऐकून चिडल्या तरी असत्या.

संध्याकाळ झाली. हाक आली. मी चुलीपुढे बसून राहिले. परत हाक आली. "बहिरी झालीस काय गो?"

"ऐकलं," मी म्हटलं. "मी येणार नाही."

"काय?"

"आज नाही, उद्या नाही. पाय चेपणार नाही."

मग जे सुरू झालं ते शिमग्यापर्यंत संपलं नाही. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. जे मला सांगायचं ते गाईला सांगत. "गायी, तुला तरी माझी किंमत आहे हो." स्वयंपाकात मी मीठ घातलं की त्या परत घालत आणि मग खारट झालं म्हणून पान सारत. शेजारच्या काकूने बातमी विहिरीवर नेली. बायका पाणी काढता काढता मला शहाणपण शिकवायला लागल्या. अगो, पाय चेपून कुणाचे हात झिजतात? अगो, सासू म्हणजे आई. मी एकीला म्हटलं, "मग ये की. आमच्या घरी रोज संध्याकाळी ये. तेल मी तापवून देते." तिने माझ्याशी बोलणं सोडलं. हळूहळू विहिरीवर मी गेले की दोर मोकळा व्हायचा. सगळ्या बाजूला सरायच्या. मला त्याचाही राग यायचा, पण पाणी लवकर मिळायचं.

मामंजींनी धडे बंद केले. दोन्ही कोश कापडात बांधून कपाटात ठेवले आणि किल्ली जानव्याला अडकवली. "तुला शिकवलं हीच माझी चूक," म्हणाले. मी म्हटलं, "चूक शिकवण्यात नाही झाली. मी ऐकत होते, तिथे झाली." आयुष्यभर इतरांच्या जबान्यांचं भाषांतर केलेल्या माणसाला समोरच्या बाईचं म्हणणं कळू नये, याचं मला तेव्हाही नवल वाटलं आणि अजूनही वाटतं.

या सगळ्याला एक गोष्ट मात्र साक्षीला होती. सासूबाई चालत होत्या. कुणी चेपत नव्हतं, तरी त्या आगरात जात होत्या, काठी घेऊन कोंबड्यांमागे पळत होत्या. संध्याकाळी कण्हायच्या. आधीपेक्षा जास्त कण्हायच्या, ते मी ऐकायची. ते खरं होतं की मला ऐकवायला होतं, मी ठरवू शकले नाही. उठून गेले मात्र नाही.

शिमग्याला आमचे हे आले. बोट लागल्यामुळे तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्यांना मुंबईलाच सगळं कळवलेलं होतं. ते माझ्याशी बोलले नाहीत. अंघोळ केली, जेवले, झोपले, आणि संध्याकाळी माजघरात जाऊन आईच्या पायाशी बसले. "आण तेल," म्हणाले.

मी तेल दिलं. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि आईचे पाय चेपायला लागले. त्यांना जमत नव्हतं. एकाच जागी दाबत होते आणि तेल घोंगडीवर सांडत होतं. सासूबाई उठून बसल्या. "अरे, हे काय? सोड! लोक काय म्हणतील?" त्यांनी सोडलं नाही. नेमकी काकू आली. दारातच थांबली, तोंडाला पदर लावला आणि तिचे डोळे भरून आले. "श्रावणबाळ हो! प्रत्यक्ष श्रावणबाळ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीभर तेच. पालखीच्या गर्दीतसुद्धा लोक त्यांना धरून सांगत होते, मुलगा असावा तर असा. एक संध्याकाळ चेपले त्यांनी, अर्धं निरांजन जळेपर्यंत. मी इतकी वर्षं चेपले. माझं नाव आळीत कशासाठी होतं? चेपायची थांबले त्यासाठी.

दुपारी ते मागच्या पडवीत आले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "बघितलंस? त्यात एवढं अवघड काही नाही. आणखी एक वर्ष कर. मग बिऱ्हाडाचं नक्की बघतो."

मी म्हटलं, "अवघड नाही ना? मग तुम्ही राहा. मी मुंबईला जाते, तुमच्या कचेरीत बसते."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा तुम्ही करताय. मी जी आहे ती अशी आहे. न्यायचं असेल तर आता न्या. नाहीतर संगमेश्वराला पोचवा, आणि या घरात दुसरी कुणी बसवा पायाशी."

हे मी मुद्दाम मोठ्याने बोलले. माजघराची खिडकी उघडी होती.

त्या संध्याकाळी ते पुन्हा आईच्या पायाशी बसायला गेले. काकू आजही आलेली होती, आणि आज तिने आणखी दोघींना बरोबर आणलं होतं, बघायला. त्यातली एक म्हणाली, "आमच्याकडे नाही बाई पुरुषांवर अशी वेळ येत. आमच्या सुना धड आहेत." सासूबाईंनी मुलाच्या हातातून पाय ओढून घेतला. वाटी लवंडली. "ऊठ!" त्या ओरडल्या. "ऊठ तिथनं! बायल्या केलंन् माझ्या मुलाला हिनं. घेऊन जा तिला. याच बोटीनं जा. मला नकोत कुणाचे हात."

अशी मी मुंबईला गेले. मागून मिळालं नव्हतं ते हाकलून मिळालं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मी झटपट ट्रंक भरली. माझं म्हणणं कुणी मानलं नव्हतं, मुलाची लाज वाटली म्हणून मी सुटले, हे मला पक्कं कळलं होतं. ते कळूनही मला आनंद झाला होता.

निघायच्या दिवशी मामंजी ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी पानाआडून "हूं" केलं. सासूबाई माजघरात घोंगडीवर बसल्या होत्या. दार लोटलेलं होतं, काकू नव्हती, कुणीच नव्हतं. मी रीतीप्रमाणे वाकले. पायांना हात लावणार, तोच त्यांनी ते मागे घेतले आणि लुगड्याखाली झाकले.

"नको लावू हात," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. इतक्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होत्या. "मी या घरात आल्ये तेव्हा नऊ वर्षांची होत्ये. माझ्या सासूचे पाय मी ती मरेपर्यंत चेपले. डोळ्यांत झोप असायची, हात चालू असायचे. तेव्हा म्हणायच्ये, होईल, माझीही पाळी येईल. पाळी आली, तर तू शब्द शिकून आलीस. माझी पाळी खाल्लीस गो तू."

बाहेरून आमचे हे घाई करत होते, आगबोटीपर्यंत नेणारा पडाव सुटेल म्हणून. मी तशीच वाकलेली होते. त्यांचा राग मला त्या क्षणीही होता आणि आजही आहे, तो मी कमी करणार नाही. पण मी जमिनीलाच हात लावला, तो कपाळाला लावला आणि उठले.